जर आणि तर

अलिबागच्या किनाऱ्यावर उभें राहिलें, कीं समोर पाण्यांत कुलाब्याचा किल्ला दिसतो. ओहोटी पुरी झाली असेल, तर तेथें पायीं जातां येतें. भरती असेल, तर होडी करावी लागते. या भागांतलें लहान मूलहि हें जाणतें. अमावास्या आली कीं समुद्राला उधाण येतें, हेंहि त्याला ठाऊक असतें. मी शाळेंत भूमितीचा पहिला पाठ याच उधाणापासून सुरू करीत असें. मुलांना विचारीं, "अमावास्या असेल, तर उधाण येतें, हें खरें. मग आज उधाण आलें आहे, तर आज अमावास्याच आहे, असें म्हणावें काय?" निम्मा वर्ग 'होय' म्हणे. मग मागच्या बाकावरून एखादा कोळ्याचा मुलगा उठून म्हणे, "गुरुजी, उधाण पुनवेलाहि येतें." भूमितीचा पाया तेथें अर्धाअधिक घातला जाई.

'जर' हा ज्या वाक्यांशाचा आरंभ, तो पक्ष. 'तर' हा ज्याचा आरंभ, तें साध्य. दोहोंची अदलाबदल केली म्हणजे व्यत्यास होतो. मूळ विधान खरें असलें, तरी व्यत्यास खरा असेलच असें नाहीं. परस्परविरुद्ध कोन समान असतात. पण दोन कोन समान दिसले म्हणून ते परस्परविरुद्ध ठरत नाहींत. उलट, त्रिकोणाच्या दोन बाजू समान असतील, तर त्यांसमोरील कोन समान असतात, आणि याचा व्यत्यासहि खरा आहे. तथापि युक्लिडानें तो आयता स्वीकारला नाहीं. पहिल्या पुस्तकांत पांचवा सिद्धांत मूळ विधानाचा, आणि सहावा व्यत्यासाचा. दोहोंना त्यानें स्वतंत्र सिद्धता दिली आहे.

युक्लिड हा इसवी सनापूर्वी सुमारें ३०० वर्षें अलेक्झांड्रियांत होऊन गेला. त्याचा खरा मोठेपणा आरंभींच्या कबुलीत आहे. प्रत्येक गोष्टीला सिद्धता मागत गेलें, तर मागें जाण्याला अंत राहत नाहीं. म्हणून त्यानें पांच गोष्टी सिद्धतेवांचून मागून घेतल्या व तसें उघड सांगितलें. दोन बिंदु सरळ रेषेनें जोडतां यावे. सरळ रेषा हवी तितकी वाढवितां यावी. कोणताहि मध्य व त्रिज्या घेऊन वर्तुळ काढतां यावें. सर्व काटकोन समान असावे. पांचवी मागणी मात्र लांबलचक असून ती स्वतःच जर-तरची आहे: दोन सरळ रेषांस तिसरीनें छेदिलें असतां एका बाजूच्या अंतःकोनांची बेरीज जर दोन काटकोनांहून कमी असेल, तर त्या रेषा वाढविल्यावर त्याच बाजूस एकमेकींस मिळतील.

हा ग्रंथ आपल्याकडे दोन वाटांनीं आला. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत सवाई जयसिंहाच्या आश्रयास असलेल्या जगन्नाथ पंडितांनीं नसीरुद्दीन तूसीच्या अरबी ग्रंथावरून 'रेखागणित' संस्कृतांत रचलें. तें मुंबई संस्कृत ग्रंथमालेंत १९०१-०२ च्या सुमारास छापलें गेलें. दुसरी वाट मुंबईच्या शाळांची. तेथें १८२२ सालीं शाळा व शालेय पुस्तकें यांसाठीं मंडळी स्थापन झाली. तिच्या कार्यांत सदाशिव काशीनाथ ऊर्फ बापू छत्रे अग्रभागीं होते, आणि जॉर्ज जर्व्हिस या लष्करी इंजिनियरानें गणिताचीं पुस्तकें मराठींत आणिलीं. पुढें १८४७ च्या सुमारास विद्याखात्याच्या मंडळांत वाद पेटला. उच्च ज्ञान इंग्रजींतूनच द्यावें, असें अध्यक्ष अर्स्किन पेरी म्हणत. देशभाषांतून द्यावें, असें जर्व्हिस म्हणत, व जगन्नाथ शंकरशेट यांच्यासारखे एतद्देशीय सभासद त्यांच्या बाजूस होते. मराठीला सिद्धतेचा भार पेलेल काय, हाच त्या वादांतील एक मुख्य प्रश्न होता. ज्या भाषेंत कोळ्याचें मूल 'जर' आणि 'तर' यांची जोडी बिनचूक जुळवितें, तिच्याविषयीं ही शंका मला कधींच पटली नाहीं.

याचा पुरावा अलिबागजवळच्या नागांवानेंच दिला. केरो लक्ष्मण उर्फ केरूनाना छत्रे तेथले. लहानपणींच ते मुंबईस गेले, तेथील कुलाबा वेधशाळेंत त्यांनीं काम केलें, आणि पुढें पुण्यास अध्यापक झाले. डेक्कन कॉलेजांत लोकमान्य टिळक त्यांचे विद्यार्थी होते. १८६० सालीं त्यांनीं 'ग्रहसाधनांचीं कोष्टकें' हा ग्रंथ मराठींत प्रसिद्ध केला, आणि १८६५ पासून त्यांच्या गणिताचें पटवर्धनी पंचांग निघूं लागलें. १८८४ सालीं ते निवर्तले.

पंचांगाच्या वादांत भूमितीचा धडा प्रत्यक्ष दिसतो. त्या वादांत दोन प्रश्न एकमेकांत गुंतले होते. पहिला असा, कीं जुन्या पंचांगांतील ग्रह आकाशांत त्या जागीं दिसतात काय? याचा निकाल आकाशानेंच दिला. वेध घेतले, म्हणजे चूक कळते. दुसरा प्रश्न राशिचक्राच्या आरंभस्थानाचा. केरूनानांनीं रेवतीची योगतारा आरंभीं धरली. इतरांनीं चित्रा ताऱ्यावरून आरंभ ठरविला. दोहोंत सुमारें चार अंशांचें अंतर पडतें. म्हणून रेवतीपक्षाच्या टिळक पंचांगांत मकरसंक्रांत १० जानेवारीच्या सुमारास येते, आणि इतरांच्या घरीं तिळगूळ १४ किंवा १५ जानेवारीस वाटला जातो. अधिकमास निराळा पडला, तर सणांत महिन्याचेंहि अंतर पडतें. अशा वेळीं लोक एकमेकांचें गणित चुकलें म्हणून भांडतात. वस्तुतः दोघांचा 'तर' बरोबर असतो. 'जर' निराळा असतो, आणि तो कोणी उच्चारीत नाहीं.

युक्लिडाच्या पांचव्या मागणीचें असेंच झालें. ती इतर चारांवरून सिद्ध करावी म्हणून दोन हजार वर्षें विद्वान झटले. खुद्द तूसीनेंहि प्रयत्न केला. अखेर १८२९ सालीं रशियांत लोबाचेव्हस्कीनें व १८३२ सालीं हंगेरींत बोल्यायनें दाखविलें, कीं ती मागणी बदलली तरी सुसंगत भूमिति रचतां येते. जुनी भूमिति त्यामुळें खोटी ठरली नाहीं. ती कोणत्या 'जर'वर उभी आहे, तेवढें जगाला कळलें.

आजहि नववीच्या पुस्तकांत हीं गृहीतकें, सशर्त विधानें आणि व्यत्यास मुलांना शिकवितात. परीक्षा होतांच तीं विसरलीं जातात, याचें वाईट वाटतें. घरीं संक्रांतीचा वाद निघेल, किंवा शेजाऱ्याविषयीं कोणी घाईनें निष्कर्ष काढील, तेव्हां मुलानें नम्रपणें विचारावें, "आजोबा, आपण आरंभीं काय धरून चाललां आहां?" आजोबांनीं रागावूं नये. क्षणभर थांबून आपला 'जर' सांगावा. आणि तो सांगतां आला नाहीं, तर 'तर'चा आग्रह सोडावा.