इम्पल्स ते एक्सपल्स

रविवारी सकाळी लवासाच्या रस्त्यावर उंच मडगार्डच्या बाईक्स हमखास दिसतात. पण हे चित्र फार जुनं नाही बरं का! हिरोने २०११ मध्ये इम्पल्स आणली आणि ड्युअल-स्पोर्ट बाईक आपल्या बजेटमध्ये आली. सस्पेन्शन झकास, पण इंजिन जेमतेम १५० सीसीचं. घाटात दम लागायचा. मग काही हौशी मंडळींनी त्यात चक्क करिझ्माचं २२३ सीसी इंजिन बसवलं! हात मस्त, पण इंजिन नंबर आरसी बुकात असतो. आरटीओच्या परवानगीशिवाय हा उद्योग बेकायदेशीरच. खप बेताचाच राहिला आणि कंपनीने इम्पल्स बंद केली.

मागणी मात्र संपली नव्हती. २०१६ मध्ये रॉयल एनफिल्डची ४११ सीसी हिमालयन आली, २०१९ मध्ये हिरोचीच एक्सपल्स २००. दोन्हींना पुढे २१ इंची चाक. पुढे एक्सपल्ससाठी कंपनीनेच रॅली किट काढलं. म्हणजे गॅरेजमधला जुगाड शोरूममध्ये पोचला.

असो. मुळशीच्या पावसाला यातलं काही कळत नाही. चिखलातून आल्यावर चेन धुऊन ल्यूब करा, एअर फिल्टर उघडून बघा, स्पोक्सचा ताण तपासा. पहिला अपग्रेड हाच, आणि सगळ्यात स्वस्तही!