भिंतीवरचे रान : अजिंठा ते आपली बेडरूम

दिलसुखनगर, चैतन्यपुरी भागात हल्ली कोणाच्याही नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला जा, बेडरूमच्या एका भिंतीवर केळीची पाने, बांबूचे बन नाहीतर धबधबा चिकटवलेला दिसतो. बाथरूममध्येही कमळे पोहोचली आहेत. ही हौस नवी वाटली तरी आपल्याकडे ती निदान पंधराशे वर्षांची आहे, आणि तिचा इतिहास आपल्या हैदराबादशी जोडलेला आहे.

अजिंठ्याची बहुतेक लेणी म्हणजे विहार, भिक्खूंच्या राहण्याच्या जागा. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, वाकाटक सम्राट हरिषेणाच्या काळात, यांतले अनेक विहार कोरले आणि रंगवले गेले. लेणे क्र. 1 चे छत पाहावे. चौकटी-चौकटींत कमळे, फळे, हंस, हत्ती! लेणे क्र. 2 मध्ये तर हंसांची अख्खी माळच गोलाकार फिरते. पण गंमत अशी की, ही सारी चित्रे मधल्या मंडपात आणि ओसरीत आहेत. भिक्खू जिथे झोपत, त्या खोल्या बहुतांशी साध्याच ठेवलेल्या आहेत. लेणे क्र. 12 मध्ये तर दगडी शेज आणि दगडी उशी, बस्स.

हे काम कसे केले? खडबडीत दगडावर माती, भाताचा तूस आणि वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा, वर चुन्याचा पातळ थर, आणि तो वाळल्यावर डिंकासारख्या चिकट पदार्थात कालवलेले मातीचे रंग. निळ्यासाठी मात्र लाजवर्द, तो दूर अफगाणिस्तानातून यायचा.

1956 पर्यंत अजिंठा हैदराबाद राज्यातच होता. आपल्यापैकी ज्यांचे मूळ मराठवाड्यात आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. निजाम सरकारने 1914 मध्ये पुरातत्त्व खाते काढले आणि गुलाम यजदानी त्याचे प्रमुख झाले. तोवर चित्रांची दशा वाईट झाली होती. पाणी झिरपून गिलावा सुटत होता, वटवाघळांनी घाण केली होती, आणि आधीच्या नकलाकारांनी चित्रे उठून दिसावीत म्हणून लावलेले वॉर्निश पिवळे पडले होते. यजदानींनी 1920 च्या सुमारास इटलीहून चेक्कोनी आणि ओर्सिनी हे जाणकार बोलावून सुटलेला गिलावा पुन्हा बसवून घेतला. पुढे 1930 ते 1955 या काळात त्यांचा चार भागांचा ग्रंथ निघाला. बाग-ए-आममधल्या वस्तुसंग्रहालयात अजिंठ्याच्या चित्रांच्या हाताने काढलेल्या नकला आहेत. दिलसुखनगरहून मेट्रोत बसले की गाडी न बदलता असेंब्ली स्टेशनवर उतरता येते. मुलांना एकदा अवश्य न्यावे.

या इतिहासात आपल्या घरासाठीही दोन गोष्टी आहेत. पहिली, भिंतीचा खरा शत्रू ओल. चकचकीत थराने ती झाकली जाते, जात नाही. बाहेरच्या भिंतीतून पाझर असेल तर प्लास्टिकच्या कागदामागे बुरशी धरते आणि त्याच खोलीत आपली म्हातारी माणसे आणि लेकरे झोपतात. म्हणून आधी गळती बंद करावी, मग कागद लावावा; बाथरूममध्ये तर कागदापेक्षा नक्षीची फरशीच बरी. दुसरी गोष्ट, चित्र बैठकीत भरपूर असावे, निजायच्या खोलीत एका भिंतीपुरते पुरे. अजिंठ्याच्या भिक्खूंनी सगळे रान मंडपात ठेवले आणि डोळे मिटायला कोरी भिंत राखली.