चेसीचा कर्ण

‘चेसी वाकली’ हे शब्द आमच्या विदर्भात एकेकाळी वरचेवर कानावर पडायचे. आजच्या मुलांना ते सांगून कळत नाहीत, कारण त्यांच्या बहुतेक मोटारींना वेगळी चेसीच नसते! पत्र्याचा सांगाडा हीच त्यांची चेसी. म्हणून हा थोडा इतिहास.

जीप जन्माला आली ती लढाईसाठी. १९४१ ते १९४५ या काळात विलिस आणि फोर्ड या दोन अमेरिकन कंपन्यांनी मिळून सहा लाखांवर जीपा बनवल्या. पुढच्या आणि मागच्या चाकांत अंतर अवघे ८० इंच, डाव्या-उजव्या चाकांत साधारण चार फूट. आखूड, अरुंद आणि जमिनीपासून उंच. त्यामुळे दगडधोंड्यांतून बकरीसारखी चढायची, पण वळण वेगात घेतले की पलटी खायची.

तिची चेसी म्हणजे आडवी ठेवलेली लोखंडी शिडी. दोन लांब दांडे, मध्ये आडव्या पट्ट्या, सगळे रिव्हेटने जोडलेले. इंजिन, पाटे, वरची बॉडी हे सारे या शिडीवर नट-बोल्टने बसवलेले. म्हणजे बॉडी उचलून बाजूला ठेवली की आतली शिडी उघडी. गावचा मिस्त्री जीप दुरुस्त करू शकला तो यामुळेच.

१९४७ च्या सुमारास महिंद्रने विलिस जीप भारतात आणली आणि मुंबईत माझगावला तिची जोडणी सुरू केली. सरकारी दौरे, जंगलखाते, ठेकेदार, सगळीकडे जीप. १९६९ नंतर आमच्या शेजारच्या जबलपूरच्या कारखान्यात सैन्यासाठी जोंगा बनू लागली आणि निवृत्त झालेल्या जोंगा लिलावातून बाहेर आल्या. पुढे कमांडर आणि ट्रॅक्स आल्या, त्यांचीच झाली काळीपिवळी. एस.टी. जिथे दिवसातून दोनदा जायची तिथे काळीपिवळी भरली की निघायची. मास्तर, बाजाराला निघालेल्या बाया, कापसाचे पैसे आणायला चाललेले शेतकरी, सगळे तिच्यात कोंबलेले. अशी गाडी शेतात उलटली की आठ-पंधरा दिवसांत पुन्हा रस्त्यावर.

सरळ कशी करायचे? एक टोक मजबूत खांबाला साखळीने बांधायचे, दुसरीकडे हायड्रॉलिक जॅक लावून रेटायचे. हवे त्यापेक्षा थोडे जास्तच रेटावे लागते, कारण दाब सोडला की लोखंड थोडे मागे येते. घाई असणारे गॅसने लाल करून घण घालत. काम लवकर होई, पण त्या जागेचा कस बदलून जाई. जाणता मिस्त्री शक्यतो थंडच ओढायचा.

मग खरी परीक्षा. चेसीवरच्या ठरावीक जागांवरून ओळंबा सोडायचा, फरशीवर खडूने खुणा करायच्या, गाडी बाजूला ढकलायची आणि दोरीने दोन्ही कर्ण मोजायचे. चौकोनाच्या समोरासमोरच्या बाजू सारख्या भरल्या तरी तो तिरका असू शकतो. कर्णही समान भरले तरच तो आयत. आठवीच्या भूमितीतले हे प्रमेय मिस्त्रीच्या फरशीवर रोज सिद्ध व्हायचे! पण तेवढ्यानेही भागत नाही. चेसीला पीळ पडला असेल तर तो फरशीवरच्या खुणांत दिसत नाही. एक पाय आखूड असलेल्या खाटेसारखे ते असते. त्यासाठी चारही कोपऱ्यांची सपाट जमिनीपासूनची उंची मोजावी लागते.

एका वयस्क मिस्त्रीने मला सांगितले होते, “गुरुजी, लोखंड एकडाव आयकते. दुसऱ्या डावाले नाही आयकत.” पोलाद वाकले की त्या जागी ते कडक आणि ठिसूळ होते, परत वाकवले की बारीक चीर जाऊ शकते. चीर रंगाखाली लपते. दिसते सरळ, असते अधू.

मग लोक नवी चेसी का टाकत नसत? पैसा हे कारण होतेच. दुसरे कारण मला जास्त महत्त्वाचे वाटते. गाडीचा नंबर चेसीवर कोरलेला असतो. चेसी बदलली म्हणजे कायद्याच्या दृष्टीने गाडीची ओळखच बदलली. मग परवानगी, नवी नोंद, परमिटचा प्रश्न. म्हणून तीच चेसी पुन्हापुन्हा सरळ व्हायची. कागद शाबूत राही, आणि जोखीम पाठीमागच्या बाकावर बसलेल्या दहाबारा जणांच्या वाट्याला येई. त्यांना कर्ण कोण दाखवणार?

मूळ दुखण्यावर इलाज वेगळाच होता. ताडोबाच्या वाटांवर दिसणाऱ्या जिप्सीचे उदाहरण घ्या. १९९३ साली मारुतीने तिच्या चाकांमधली रुंदी ९० मिलिमीटरने वाढवली. अमेरिकेत एटीव्हीची तीनचाकी फार उलटू लागली, तेव्हा १९८८ साली कंपन्यांनी नव्या तीनचाकींची विक्रीच थांबवली. आता आपल्याकडेही रिसॉर्टवर चारचाकी एटीव्ही भाड्याने मिळतात. त्यांची चौकट नळ्यांची असते. नळी एकदा चेपली की ओढून लांबी परत येईल, पण पूर्वीची गोलाई आणि ताकद येत नाही. तिथे तुकडा कापून नवा जोडणे किंवा चौकटच बदलणे हे शहाणपणाचे.

वाकडे सरळ करणारे हात आपल्याकडे पुष्कळ होते आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण त्यातला मोठा कारागीर मी त्यालाच म्हणेन, जो कर्ण मोजून, रंग खरवडून पाहून मालकाला तोंडावर सांगायचा, “हे आता होत नाही, भाऊ.” त्या दिवशी त्याची मजुरी बुडायची.