चिठ्ठीवरचा बोरघाट

खनिजांच्या संग्रहात दगडाइतकाच मान चिठ्ठीला असतो. नमुन्याखाली ठेवलेल्या त्या कार्डावर बहुधा दोनच ओळी असतात. वर खनिजाचं नाव, खाली ते जिथून निघालं त्या जागेचं. चिठ्ठी हरवली की उत्तम स्फटिकाचाही भाव पडतो, कारण मग तो नुसता देखणा दगड उरतो. सह्याद्रीतले नमुने युरोपातल्या संग्रहांत कधीचे जाऊन बसले आहेत. त्यांच्या चिठ्ठीची वरची ओळ ग्रीक असते, नाहीतर कुणा साहेबाचं आडनाव. खालची ओळ आपली असते, पण ती आपल्याला पटकन ओळखू येईलच असं नाही.

जुन्या चिठ्ठ्यांवरचं गाजलेलं नाव म्हणजे ‘भोर घाट’. कर्जत-खोपोलीकडचा माणूस बोरघाट म्हणतो. साहेबाच्या लेखणीत ‘ब’ला ‘ह’ चिकटला आणि बोरीचं भोर झालं. आता भोर हे गाव खरोखरच आहे, एके काळचं संस्थान आहे, पण ते पुण्याच्या दक्षिणेला नीरेच्या खोऱ्यात. नुसती चिठ्ठी वाचून नकाशा उघडणारा परदेशी संग्राहक तिकडेच जाऊन पोचायचा. रेल्वेच्या जुन्या कागदांत खोपोलीची ‘कॅम्पूली’ झालेली आहे आणि कर्जतचं ‘कुर्जट’. जिल्ह्याचं तर विचारूच नका. १८८२ सालच्या ठाणे गॅझेटियरमध्ये कर्जत आहे. पुढे ते कुलाबा जिल्ह्यात गेलं. १९८१ मध्ये कुलाब्याचाच रायगड झाला. डोंगर तसूभरही हलला नाही, पण त्याचा पत्ता दोनदा बदलला.

त्यात कर्जतं दोन. एक आपलं, उल्हास नदीकाठचं, वड्याचं. दुसरं अहिल्यानगर जिल्ह्यातलं. त्याच जिल्ह्यात राहुरी आहे आणि राहुरीच्या विहिरींतून निघालेला ॲपोफिलाइट संग्राहकांत प्रसिद्ध आहे. म्हणजे ‘कर्जत, महाराष्ट्र’ एवढंच लिहिलेली चिठ्ठी घाटाच्या खालची की वरची, हे वाचणाऱ्यानं ठरवायचं. व्यापाऱ्यांनी यावर सोपा तोडगा काढला होता. कुठलाही नमुना असो, चिठ्ठीवर ‘पूना’ ठोकून द्यायचं. पुण्याची कीर्ती वाढली, पण बाकीची गावं त्या एका शब्दाखाली गडप झाली.

बोरघाटातला घाट हा शब्द मात्र मजेदार आहे. संस्कृतातला ‘घट्ट’, म्हणजे नदीत उतरायची जागा, पायऱ्या. नाशिकचा रामघाट आणि खंडाळ्याचा बोरघाट यांत शब्द एकच. तिथे पाण्याकडे उतरायचं, इथे कोकणात. इंग्रजांनी पुढे वाटेचं नाव डोंगरालाच देऊन टाकलं आणि सगळी रांग ‘वेस्टर्न घाट्स’ झाली. आता दुसरीकडून या. या डोंगरांच्या खडकाला भूशास्त्रात ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात. १८३३ मध्ये विल्यम सायक्स या लष्करी अधिकाऱ्यानं दख्खनच्या भूरचनेवरच्या निबंधात ते नाव वापरलं. डेक्कन म्हणजे दख्खन, म्हणजे दक्षिण, हे सरळ आहे. ट्रॅप म्हणजे सापळा नव्हे. स्वीडिश भाषेत ‘ट्रापा’ म्हणजे जिना. लाव्हाचे थर एकावर एक बसून डोंगराला पायऱ्या पडलेल्या दिसतात म्हणून ट्रॅप. ज्यानं हा शब्द खडकाला पहिल्यांदा लावला त्याला मराठी येत नव्हतं, ज्यानं घाट म्हटलं त्याला स्वीडिश येत नव्हतं, आणि दोघांच्याही डोळ्यांना पायऱ्याच दिसल्या. व्युत्पत्तीच्या नादी लागलेल्या माणसाला असा योग वर्षातून एकदा जरी आला तरी पुरतो.

लाव्हाचे हे थर सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीचे. लाव्हा थिजताना आतले वायू बुडबुड्यांच्या रूपात अडकले, त्यांच्या पोकळ्या झाल्या, पुढे खडकातून झिरपणाऱ्या ऊन पाण्यानं आपल्यातली द्रव्यं त्या पोकळ्यांच्या भिंतींवर सोडली. भरलेल्या पोकळ्यांच्या अशा खडकाला युरोपीय भाषांत ‘अमिग्डलॉइड’ म्हणतात, कारण ग्रीकमध्ये ‘अमिग्डाले’ म्हणजे बदाम. देशावरचा विहीर खोदणारा त्यालाच मांजऱ्या म्हणतो. त्याची सगळी वर्गवारी पहारीच्या भाषेत असते. मुरूम सुटतो, मांजऱ्या फुटतो, काळा पाषाण पहारीला दाद देत नाही. तिकडे बदाम, इकडे मांजर. मला मांजर जास्त आवडतं.

पण त्या पोकळीत जे चमकतं त्याला मराठीत काय म्हणायचं? इथे आपल्याकडे एकच मोठा शब्द आहे: गार. गार म्हणजे आभाळातून पडते ती. गार म्हणजे शेतात सापडते ती पांढरी, काचेसारखी, क्वार्ट्झची. आणि गार म्हणजे थंड. कोशांत हे अर्थ शेजारीशेजारी नांदतात. ग्रीकांचंही असंच होतं. ‘क्रिस्टालोस’ म्हणजे आधी बर्फ, मग पारदर्शक क्वार्ट्झ. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी तर स्फटिक म्हणजे अतिथंडीनं कायमचा गोठलेला बर्फच, असं खुशाल लिहून गेला. आपल्याकडे कुणी असा सिद्धान्त मांडला नाही; शब्दानंच ते काम केलं. आज जगभर ज्याला क्रिस्टल म्हणतात त्याला अर्थानं अगदी जवळचा मराठी शब्द गार आहे, संस्कृत स्फटिक नव्हे. स्फटिकाचा वंश मराठीत तसाही फारसा चालला नाही. तुरटीला हिंदीत फिटकरी म्हणतात, ती स्फटिकापासून आलेली, दिसण्यावरून. मराठीनं जिभेवर ठेवून पाहिलं आणि तुरट लागली म्हणून तुरटी म्हटलं.

गारेची गोटी ती गारगोटी. दोन गारगोट्या अंधारात एकमेकींवर घासायच्या, आत पिवळट उजेड चमकतो, जळका वास येतो. हा खेळ ज्यांनी केला नाही त्यांनी अजूनही करावा. तिच्यावर पोलादानं मारून ठिणगी पाडायची ती चकमक, आणि हा शब्द तुर्की. पण गारगोटीची मराठीतली पत कमीच. ‘हिऱ्यापोटी गारगोटी’ ही म्हण कर्तबगार बापाच्या नालायक पोराला चिकटवायला तयार असते. गंमत अशी की संग्राहक ज्या खडकावर स्फटिक बसलेला असतो त्याला ‘मॅट्रिक्स’ म्हणतात, आणि लॅटिनमध्ये त्याचा अर्थ गर्भाशय. पोटाची कल्पना दोन्हीकडे आहेच. फरक पोटात काय शोधायचं याचा. काळ्या कातळाच्या पोटी गारगोटी सापडली तर संग्राहक तिला जपून कापसात गुंडाळतो. सिन्नरला खनिजांचं जे संग्रहालय आहे त्याचं नावच ‘गारगोटी’ ठेवलं आहे. म्हणीनं घालवलेली अब्रू एका पाटीनं परत मिळवली, म्हणायला हरकत नाही.

एक अडचण उरतेच. पोकळीत निघतं ते सगळं गार नसतं. त्यातलं बरंचसं झिओलाइट कुळातलं, आणि त्या कुळाची व त्याच्या सोबत्यांची नावं आगीतून निघालेली आहेत. १७५६ मध्ये स्वीडनच्या आक्सेल क्रोनस्टेटनं असा एक स्फटिक फुंकणीच्या ज्योतीत धरला. सोनार वापरतो तशीच फुंकणी. स्फटिकातलं पाणी सुटून तो फसफसला, म्हणून झिओलाइट, उकळणारा दगड. स्कोलेसाइट तापवला की वळवळतो. ग्रीक ‘स्कोलेक्स’ म्हणजे किडा. ॲपोफिलाइटचे तापल्यावर पापुद्रे सुटतात, म्हणून १८०६ मध्ये रने-ज्युस्त आउई या फ्रेंच पाद्र्यानं त्याला ‘पान-पान होऊन झडणारा’ अशा अर्थाचं नाव दिलं. थोडक्यात, नमुना जाळल्याशिवाय त्याचं बारसं होत नसे. आज तोच नमुना घरी आणणारा माणूस त्याला उन्हातही ठेवत नाही. लॉमोंटाइटला तर आगही लागत नाही. कोरड्या हवेत पाणी गमावून तो आपोआप भुसभुशीत होतो, आणि त्याच्यापायी हळहळलेले संग्राहक पुष्कळ आहेत.

स्टिल्बाइट त्यातल्या त्यात सरळ, ‘चकाकणारा’. त्याचा शेजारी ह्यूलँडाइट. हे नाव कुणा शास्त्रज्ञाचं असेल असं वाटतं, पण हेन्री ह्यूलँड हा लंडनचा खनिजांचा व्यापारी. १८२२ मध्ये एच. जे. ब्रुक यानं स्टिल्बाइटमधून हे खनिज वेगळं काढलं आणि व्यापाऱ्याचं नाव त्याला दिलं. आपल्या घाटात ह्यूलँडाइट भरपूर. म्हणजे खंडाळ्याच्या कड्यात कोट्यवधी वर्षं बसलेली वस्तू लंडनच्या एका दुकानदाराच्या नावानं ओळखली जाते. यात अन्याय वगैरे काही नाही. विकणाऱ्याकडे माल पोचला होता, आपल्या कोशकारांकडे पोचला नव्हता, एवढंच.

याच ब्रुकनं १८३१ मध्ये पुण्याच्या बाजूनं आलेल्या सुईसारख्या खनिजाला ‘पूनालाइट’ म्हटलं. आधीच्या वर्षी, १८३० मध्ये, बोरघाटातून गाड्या चढतील असा रस्ता खुला झाला होता. आणि त्याच १८३१ मध्ये मुंबईत मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश निघाला. एकाच साली लंडनला मराठी गाव दगडाच्या नावात गेलं आणि मुंबईला मराठी शब्द इंग्रजीत उतरले. कोश टिकला. पूनालाइट टिकला नाही. तपासाअंती तो आधीच नाव मिळालेल्या सुईदार झिओलाइटांपैकीच निघाला आणि नाव रद्द झालं. वाघोलीच्या निळ्याभोर कॅव्हन्साइटची गतही तशीच. त्याचे जगातले सर्वांत देखणे स्फटिक वाघोलीचे, पण खनिज आधी अमेरिकेत ओरेगनला सापडलं आणि नाव तर कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकॉन यांची आद्याक्षरं जोडून केलेलं. रसायनाचं नाव, त्यात ना गाव ना माणूस. त्यापेक्षा ह्यूलँड परवडला.

बोरघाटातले पहिले मोठे नमुने निघाले ते रेल्वेच्या कामात. १८५६ मध्ये गाडी खोपोलीपर्यंत आली होती. पुढे घाट चढवायला १८६३ उजाडलं. पंचवीस बोगदे, आणि ते सगळे सुरुंगानं फोडलेले. सुरुंग या शब्दाचं मूळ ग्रीक ‘सिरिंक्स’, म्हणजे नळी, असं मानतात. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘सुरुंगा’ म्हणजे भुयार. हिंदीत सुरंग अजून भुयारच आहे. मराठीत मात्र भुयाराऐवजी ते पाडणारी दारूच सुरुंग झाली, आणि भुयारासाठी बोगदा आला. दोन्ही शब्द एकाच कामात लागतात, त्यामुळे मराठीची ही विभागणी मला फार शहाणपणाची वाटते. नमुन्याचं नशीब सुरुंगावर असतं. पोकळीपासून हातभर लांब बार उडाला तर ती उघडते, जवळ उडाला तर आतल्या स्फटिकांचा चुरा होतो. पोकळी पहिल्यांदा दिसते ती संग्राहकाला नाही, घण-पहार घेतलेल्या माणसाला, आणि त्याचं नाव कुठल्याच चिठ्ठीवर नसतं.

तरी या घाटाची काही नावं शास्त्रात अगदी पक्की बसली आहेत. १९८० च्या दशकात डेक्कन ट्रॅपच्या थरांची रासायनिक घटकांवरून वर्गवारी झाली, तेव्हा खालून वर जाताना ‘नेरळ फॉर्मेशन’, ‘ठाकूरवाडी फॉर्मेशन’, ‘भीमाशंकर’, ‘खंडाळा’ अशी नावं ठरली. लोकलमध्ये ऐकू येणारं नेरळ आता जगभरच्या शोधनिबंधांत असतं. ठाकूरवाडी म्हणजे कर्जत-खंडाळा मार्गावरचं ते ठाणं, जिथून मालगाडी जाते आणि प्रवासी बहुधा झोपलेला असतो. वाडी ठाकरांची. म्हणजे आदिवासी वस्तीचं नाव कोट्यवधी वर्षांच्या खडकाला, आणि तेही जवळजवळ न बिघडता. बोरचं भोर करणाऱ्यांच्या मानानं भूशास्त्रज्ञ बरे निघाले.

पत्ता सगळ्यांत नेमका लिहितं ते मात्र महसूल खातं. कर्जत-खालापुरातल्या दगडखाणींतून रोज खडी बाहेर पडते. कायद्याच्या भाषेत हा दगड ‘गौण खनिज’, वाळू आणि मुरमाच्या पंगतीतला. मोजायचा ब्रासवर, म्हणजे शंभर घनफुटांवर, आणि शासनाला भरायचं ते स्वामित्वधन. ॲपोफिलाइट काय आणि काळा पाषाण काय, क्रशरच्या तोंडी दोन्ही गौण. पण त्या कागदावर ओळ असते: मौजे अमुक, गट नंबर अमुक, तालुका खालापूर, जिल्हा रायगड. मौजे हा शब्द अरबी ‘मवजा’वरून आलेला, त्याचा अर्थ जागा. संग्राहकाच्या चिठ्ठीला हवी असते ती हीच ओळ. खाणीतून नमुना घेताना ती उतरवून घ्यावी, मौजेसकट, आणि देवनागरीत. ‘भोर घाट, पूना’ लिहिणाऱ्याला कधी ना कधी शोधावीच लागेल ती.