शंकरपट : खानदेशच्या काळ्या मातीवरची सेकंदांची शर्यत

१/११
खरिपाचे धान्य घरात आले, शेतीच्या कामांना थोडी उसंत मिळाली की खानदेशात शंकरपटाचे दिवस येत. गावाबाहेर सरळ पट्टी आखली जाई, दगड-ढेकळे वेचली जात आणि पंचक्रोशीतील बैलजोड्या तेथे जमत. जळगाव-धुळ्याच्या जुन्या पिढीने जिवापाड जपलेल्या या शर्यतीचा हा इतिहास.

२/११
बैलांच्या शर्यती महाराष्ट्रात अनेक ठिकाणी होतात. तऱ्हा मात्र निरनिराळ्या. पुणे जिल्ह्यात बैलगाडा घाटाची चढण चढतो आणि पुढे घोडी धावते. सांगली-साताऱ्याकडे अनेक गाड्या एकदम सुटतात. विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशात शंकरपट. नाव शंकराचे, धाव नंदीची.

३/११
शंकरपटाची पट्टी आखूड आणि सरळ. जुवाला हलका छकडा, त्यावर एकटा हाकणारा. निकाल घड्याळावर, सेकंदाच्या अंशांत. अवघ्या काही सेकंदांचा खेळ असल्याने सुरुवात चुकली की भरून काढायला जागाच नसे.

४/११
म्हणूनच एक वेगवान बैल असून भागत नाही. जोडीतला एक आधी उसळला की जू तिरपे होते आणि छकडा भरकटतो. उंची, चाल आणि स्वभाव यांचा मेळ असलेली जोडी जमवणे हीच खरी विद्या. वरखेडी-सावद्यासारख्या गुरांच्या बाजारांत जाणती नजर तोच मेळ शोधत असे.

५/११
खानदेशाला खिल्लार बैलाची स्वतःची शाखाही लाभली आहे : तापी खिल्लार. सातपुड्याच्या आश्रयाने राहणाऱ्या ठिलारी पशुपालकांनी ती जोपासली. पांढराशुभ्र रंग, गुलाबीसर नाकपुड्या आणि तशाच खुरांवरून ती ओळखली जाते. खिल्लार जातीची ख्यातीच मुळी चपळाईची.

६/११
जुन्या शंकरपटाचे मर्म असे की शर्यतीचा बैल बहुधा शेतातलाच असे. काल वखराला जुंपलेली जोडी आज पटावर. अमेरिकेत १९४९ साली शार्लट येथे पाऊण मैलाच्या मातीच्या वर्तुळावर दुकानात मिळणाऱ्या साध्या मोटारींची शर्यत झाली, तिचेही आकर्षण हेच होते : रोजच्या वापरातले वाहन आणि ओळखीचा चालक.

७/११
त्यामुळे जिंकणाऱ्याचा आनंद साऱ्या गावाचा होई. ढाल किंवा बक्षिसाच्या रकमेपेक्षा जोडीचा नावलौकिक मोठा. ‘सर्जा-राजा’ ही जोडनावे माणसांच्या नावांइतक्याच आदराने घेतली जात.

८/११
या आठवणींची दुसरी बाजूही तितकीच खरी. वेगासाठी बैलांना टोकदार आर टोचणे, शेपटी पिरगाळणे, चाबकाने मारणे हे प्रकार घडत. २०११ साली केंद्राने प्रदर्शन व खेळांसाठी बंदी असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टूसह बैलगाडा शर्यतींवर बंदी कायम केली. बैलाची शरीररचना शर्यतीसाठी नाही, असे न्यायालयाने नमूद केले.

९/११
२०१७ साली महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती करून अटींसह शर्यतींना वाट काढून दिली. परंतु मुंबई उच्च न्यायालयाने तिला अटकाव केला. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींस सशर्त अनुमती दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्याची दुरुस्ती वैध ठरवली.

१०/११
कायद्याच्या तारखांत सात वर्षे सहज मावतात. बैलाच्या आयुष्यात मावत नाहीत. २०१४ साली तीन वर्षांचा असलेला गोऱ्हा २०२१ साली दहा वर्षांचा झाला. दावणीच्या एका संपूर्ण पिढीला कायद्याने पट दिसलाच नाही. दरम्यान वखर आणि नांगर ट्रॅक्टरच्या मागे गेले होते.

११/११
बंदी उठली, पट पुन्हा भरू लागले. मात्र आता अनेक ठिकाणी धावणारा बैल खास शर्यतीसाठी पोसलेला असतो. आसोद्याच्या बहिणाबाईंनी ज्या पोळ्यावर कविता रचली, त्या सणाला खानदेशातील कित्येक घरांत आज मातीची जोडी पुजली जाते. शंकरपट न्यायालयातून परत आणता आला. वखरावरून सुटून पटावर येणारी ती जोडी मात्र कोणत्याही निकालाने परत येणारी नाही.