१९३७ ची निवडणूक : पेण-रोह्याचा कोलाबा आणि स्वतंत्र मजूर पक्ष

पेण-रोह्यातले तरुण कार्यकर्ते आम्हाला अनेकदा विचारतात, बाबासाहेबांच्या पक्षाला आपल्या भागात कधी यश मिळाले होते का? मिळाले होते, आणि तेही राखीव जागेवर नव्हे. आपल्या व्याख्यानांतून हा भाग बहुतेक वेळा गळतो.

१९३५ च्या कायद्यानुसार मुंबई इलाख्यात कायदेमंडळाची पहिली निवडणूक फेब्रुवारी १९३७ मध्ये झाली. एकूण जागा १७५. त्यांपैकी पुणे करारानुसार अस्पृश्यांसाठी राखीव १५. मत सर्वांना नव्हते. शेतसारा, मालमत्ता किंवा शिक्षण यांची अट होती, त्यामुळे भूमिहीन महार आणि गरीब कूळ बहुतांशी यादीबाहेरच. आजच्यासारखे छोटे मतदारसंघही नव्हते. पेण आणि रोहा हे कोलाबा जिल्ह्यातले तालुके, तेव्हा त्यांचा निकाल जिल्ह्याच्या निकालातच पाहावा लागतो.

बाबासाहेबांनी ऑगस्ट १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला होता. पक्षाने १७ उमेदवार उभे केले. निवडून आलेले १४ की १५, याबद्दल चरित्रकारांत फरक आहे. पण सहा महिन्यांच्या पक्षासाठी दोन्ही आकडे मोठेच. खुद्द बाबासाहेब मुंबईतून १३,२४५ मते घेऊन विजयी झाले. त्यांच्याविरुद्ध काँग्रेसने प्रसिद्ध क्रिकेटपटू पी. बाळू यांना उभे केले होते. त्यांना ११,२२५ मते पडली. अनेक जागांच्या मतदारसंघात आपली सगळी मते एकाच उमेदवाराला देण्याची मुभा मुंबई इलाख्यात होती. एकजुटीने मतदान करणाऱ्या लहान समाजाला ती मोलाची ठरली.

कोलाब्यातून निवडून आले सुरेंद्रनाथ ऊर्फ सुरबानाना टिपणीस. महाडच्या नगरपालिकेत सार्वजनिक पाणवठे खुले करण्याच्या बाजूने उभे राहिलेले हेच ते टिपणीस. शेजारच्या रत्नागिरीतून अनंतराव चित्रे आणि शामराव परुळेकर आले. हे तिघेही अस्पृश्य समाजातले नव्हते आणि सर्वसाधारण जागांवर निवडून आले. 'बाबासाहेब फक्त महारांचे पुढारी' असे आजही ऐकवले जाते. त्याला उत्तर म्हणून ही तीन नावे पुरेशी आहेत.

कोकणात हे जमले याचे कारण खोती. सारा सरकारला भरायचा खोताने आणि धान्य, वेठ द्यायची कुळाने. कूळ आगरी, कुणबी की महार, खोताचा जाच सगळ्यांनाच. पेणहून जवळच असलेल्या अलिबाग तालुक्यातल्या चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून शेतकऱ्यांचा संप सुरू होता, तो जवळपास सहा वर्षे चालला. जात वेगळी असली तरी पोटाचा प्रश्न एक होता. पक्षाने तोच धरला.

निवडून आल्यावर तो सोडलाही नाही. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक कायदेमंडळात मांडले. जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर गेला. बाळासाहेब खेरांच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने ते विधेयक पुढे जाऊ दिले नाही. खोती नष्ट करणारा कायदा आला तो १९४९ मध्ये.

१९४६ च्या निवडणुकीत चित्र पालटले. तोपर्यंत स्वतंत्र मजूर पक्षाची जागा शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनने घेतली होती आणि मुंबई इलाख्यात फेडरेशनला एकही जागा मिळाली नाही. संयुक्त मतदारसंघात राखीव जागाही सवर्ण मतांवरच ठरते, ही बाबासाहेबांची जुनी तक्रार त्या निकालाने खरी ठरवली. आमच्या मते दुसरेही एक कारण होते: जातीच्या पलीकडचा जो कूळ-मजुरांचा पाठिंबा १९३७ मध्ये कोकणात दिसला, तो फेडरेशनच्या मागे उभा राहिला नाही. यावर आपल्यात मतभेद आहेत आणि चर्चा व्हायला हवी.

जुनी कागदपत्रे शोधणाऱ्यांसाठी एक सूचना: 'रायगड' हे जिल्ह्याचे नाव १९८१ पासूनचे आहे. त्याआधीचे सगळे 'कुलाबा' किंवा 'कोलाबा' या नावाखाली पाहावे.