वाशिममध्ये तलावाकाठी मातीचं गेस्ट हाऊस बांधायचंय? आधी ‘काळी’ आणि ‘पांढरी’ समजून घ्या

तलावाकाठच्या मातीच्या घराची रील दिसली की ती सेव्ह होतेच. ज्यांची शेती एखाद्या धरणाला लागून आहे, त्यांच्या मनात पुढचा प्रश्नही येतो, आपल्याकडे असं काही काढता येईल का?

वाशिम जिल्ह्यात हा विचार अगदीच हवेतला नाही. वाशिमजवळ एकबुर्जी आहे, कारंजा भागात अडाण प्रकल्प आहे आणि गावोगावी लहानमोठे तलाव आहेत. कारंजा-सोहोळ अभयारण्यात काळविटं आहेत. कारंजाच्या गुरुमंदिरात आणि पोहरादेवीला भाविकांची ये-जा असते. अडचण वेगळीच आहे. रीलमधली बरीच घरं केरळ किंवा कोकणातल्या लाल मातीवर आणि जांभ्यावर उभी असतात. वाशिमची जमीन काळी आहे.

जुन्या मराठीत गावाच्या जमिनीचे दोन भाग असत. पिकाची जमीन ती ‘काळी’ आणि वस्तीची जागा ती ‘पांढरी’. काळी कसायची, पांढरीवर राहायचं. यामागे साधं कारण आहे. काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर उथळ पाया घातला, तर घर दरवर्षी थोडं वर उचललं जातं आणि थोडं खाली बसतं. मग भिंत तडकते. तलावाकाठी हा प्रकार जास्तच होतो, कारण जमिनीतली ओल पाणीपातळीसोबत वर-खाली होत राहते.

म्हणून इथे पहिला खर्च पायाचा. काळी माती पूर्ण काढून मुरूम लागेपर्यंत खाली जायचं. खड्डा परत काळ्या मातीने न भरता मुरमाने भरून ठोकायचा. त्यावर काळ्या दगडाचं जोतं, कमीत कमी दोन-अडीच फूट उंच. दगड इथला बेसॉल्टच, लांबून आणायची गरज नाही.

भिंतीसाठी तलावातला गाळ वापरायचा मोह होतो, कारण तो समोरच असतो. तो शेतात टाका, पीक चांगलं येईल. भिंतीत मात्र तो वाळताना तडे जातात. विदर्भ-मराठवाड्यात भिंतींसाठी आणि धाब्यासाठी पांढरी मातीच वापरत आले आहेत, कारण ती फारशी फुगत नाही. ती पडक्या घरांच्या मलब्यातून घ्यावी. गावाबाहेरचं पांढरीचं टेकाड मात्र खणू नका. अशी टेकाडं अनेकदा जुन्या वस्त्यांचे अवशेष असतात, आणि वाशिम म्हणजे वाकाटकांची राजधानी राहिलेलं वत्सगुल्म. दोन खोल्यांसाठी कुणाचा तरी इतिहास ट्रॉलीत भरून आणणं काही बरं नाही.

बाहेरच्या भिंती दीड फूट जाड ठेवल्या, तर चाळिशी पार केलेल्या उन्हाची झळ आत पोचेपर्यंत संध्याकाळ होते. आतल्या भिंतींना तुराट्यांचा कूड पुरतो. तुराट्या उभ्या बांधायच्या आणि दोन्ही बाजूंनी शेणमातीने लिंपायचं. तुरीच्या जिल्ह्यात हा माल शेतातच मिळतो. मातीच्या भिंतीला वरून सिमेंटचा गिलावा देऊ नका. ओल आत अडकते आणि गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो. चुना चालतो.

छताला बांबू आणि कवेलू. बांबू बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या द्रावणात मुरवलेला हवा, नाहीतर भुंगा त्याचा भुसा करतो. मेळघाटात लवादा इथल्या संपूर्ण बांबू केंद्राने बांबूच्या कामात बरीच माणसं तयार केली आहेत. वर्ध्याच्या सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेसने तर कुंभाराकडून मातीचे पोकळ शंकू घडवून, ते एकमेकांत बसवून कमानीचं छत करण्याची पद्धत रुजवली. त्यात लाकूड फारसं लागत नाही.

असं घर टिकतं का? वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला बापू कुटी बघून या. गांधीजी १९३६ साली तिथे राहायला गेले. माती, बांबू, लाकूड आणि कवेलूंची ती कुटी मीराबेन यांनी उभारली. ती आजही उभी आहे, कारण तिची निगा राखली जाते.

आता जागा. तलाव पश्चिमेला असेल तर सूर्यास्त झकास दिसतो, पण दुपारचं ऊन आणि पावसाची झड त्याच बाजूने येते. तिकडे मोठी काच लावण्यापेक्षा खोल पडवी काढा आणि छत भिंतीपुढे तीन फूट ओढा.

काठापासून किती दूर? २०१७ च्या पाणथळ नियमांनुसार, पाणथळ जागेच्या, नियम लागू होण्याआधीच्या दहा वर्षांतल्या सरासरी पूररेषेपासून ५० मीटरच्या आत पक्कं बांधकाम करता येत नाही. सिंचनासाठी किंवा पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले तलाव या व्याख्येत बसत नाहीत. पण त्याचा अर्थ रान मोकळं असा नाही. बुडीत क्षेत्राची जमीन सरकारी असते, त्यामुळे आधी जलसंपदा विभागाकडे हद्द तपासा. आणि कायदा लागू नसला तरी ५० मीटर सोडाच.

कारण खरा प्रश्न सांडपाण्याचा आहे. एकबुर्जीचं पाणी वाशिम शहर पितं. मातीच्या सुंदर खोलीच्या शौचालयाचं आणि स्वयंपाकघराचं पाणी तलावात झिरपत असेल, तर त्या घराला पर्यावरणपूरक म्हणणं ही निव्वळ जाहिरात झाली. शोषखड्डे तलावाच्या विरुद्ध बाजूला हवेत. मोरीचं पाणी आधी चरबी अडवणाऱ्या टाकीतून आणि मग खडी-वाळूत लावलेल्या कर्दळीच्या वाफ्यातून न्यायचं. ते बागेला जातं. साबणातलं फॉस्फेट थेट तलावात गेलं की जलपर्णीला खतच मिळतं.

हिवाळ्यात चक्रवाक आणि बदकं तलावांवर उतरतात, तेव्हा पाण्याकडे तोंड केलेले फ्लडलाइट आणि डीजे दोन्ही नकोत. हे पक्षी बघायलाच तर पाहुणे येणार!

राहिली देखभाल. शेणमातीचं लिंपण आणि कवेलूंची शाकारणी दरवर्षी पावसाच्या आधी करावी लागते. मे महिन्यात पंधरा दिवस बुकिंग बंद ठेवा. तेव्हा तलावही आटून मागे सरकलेला असतो, त्यामुळे पाहुण्यांचं फारसं काही हुकत नाही.